माहिती असूनही गर्भाशयमुखाची तपासणी का टाळतो आपण?

उनाडमैना
मागच्या आठवड्यात कागदांचा कप्पा आवरत होते, त्यात माझाच जुना पॅप स्मिअरचा (गर्भाशयमुखावरच्या पेशी काढून बघतात ती टेस्ट) रिपोर्ट हाताला लागला. सगळं नॉर्मल. खाली डॉक्टरबाईंनी पेनाने लिहिलेलं, 'तीन वर्षांनी परत करणे'. तारीख बघितली, बोटांवर मोजलं. नऊ वर्षं!

आता गंमत अशी की मी पोटापाण्यासाठी आरोग्याच्या माहितीपत्रकांचं भाषांतर करते. याच विषयावरची तीन पत्रकं माझ्या हातून गेलीयत. एचपीव्ही व्हायरस, त्यातले १६ आणि १८ नंबरचे प्रकार गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या साधारण ७० टक्के केसेसच्या मागे, संसर्गापासून कॅन्सरपर्यंत जायला बहुतेकदा पंधरा-वीस वर्षं लागतात म्हणजे मधे पकडायला भरपूर वेळ... झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. २०२२ साली जगात जवळपास ६ लाख ६० हजार बायकांना हा झाला आणि साडेतीन लाख गेल्या, हा आकडा तर मी स्वतः टाईप केलाय. तरी नऊ वर्षं. त्यामुळे 'जागृतीचा अभाव' हे जे कारण सगळीकडे पहिल्या नंबरला असतं ते माझ्यापुरतं तरी बाद.

मग नक्की काय? स्वतःची उलटतपासणी घेतली तर उत्तरं अगदीच फुसकी निघाली. पहिली तीन वर्षं करायचीच नव्हती, नंतर आठवलं तेव्हा पाळी चालू, मग मुलाच्या परीक्षा, मग घर बदललं आणि त्या डॉक्टर लांब पडल्या, नवीन कुणाकडे जायचं म्हणजे परत सगळं पहिल्यापासून, आणि मग एका टप्प्यानंतर असं झालं की इतकी वर्षं गेले नाही म्हणूनच आता जायची भीती. 'इतके दिवस काय करत होतात' असं कुणी विचारलं तर? आणि काही निघालंच तर?

तुमचं काय? ज्या नेमाने करतात त्यांनी कसं जमवलं आणि ज्या टाळतात त्या का, दोन्ही सांगा. उपदेश नको, तो मी पानाच्या हिशेबाने लिहिते.

निंबोणी
मी एकदा केली आणि परत गेले नाही. भीती वगैरे काही नाही, राग आला म्हणून.

टेबलावर पाय वर करून पडलेली, पडदा धड ओढलेला नाही, डॉक्टर एका हाताने फोन धरून दुसऱ्याच कुणाच्या तरी रिपोर्टबद्दल बोलतायत आणि स्पेक्युलम (आतलं दिसावं म्हणून योनी उघडी धरायचं उपकरण) घालताना मी आखडले तर म्हणाल्या 'अगं लग्न झालंय ना तुझं, एवढं काय त्यात'. बाई होत्या हं त्या. 'लेडी डॉक्टर असली की प्रश्न मिटला' म्हणणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगतेय. दोन मिनिटांचं काम, पण घरी येऊन मी आंघोळ केली परत. रिपोर्ट नॉर्मल आला. तो आणायला नवऱ्याला पाठवलं.

शंकेखोर
पुरुष आयडी, आधीच माफी. पण कळत नाही ते विचारतो. पाच मिनिटांची टेस्ट, समोर कॅन्सर. एका डॉक्टरच्या बोलण्याचा राग येऊन आपण आपलाच जीव धोक्यात घालायचा हा कुठला हिशेब? शेवटी जबाबदारी ज्याची त्याची ना.

निंबोणी
शंकेखोरभाऊ, तुम्ही शेवटचे दाताच्या डॉक्टरकडे कधी गेला होतात? दुखत नसताना?

शंकेखोर
:) बरं. वाचतोय.

स्लाईडवाली
मी सायटॉलॉजी लॅबमध्ये आहे, बावीस वर्षं मायक्रोस्कोपखाली याच पेशी बघतेय. तुम्ही सगळ्या टेबलाच्या बाजूने बोलताय, मी दुसऱ्या टोकाकडून सांगते.

आमच्याकडे काही स्लाईड 'अनसॅटिस्फॅक्टरी' म्हणून जातात. म्हणजे पेशी पुरेशा आल्या नाहीत, किंवा रक्तच जास्त, किंवा सूज इतकी की खालचं काही दिसत नाही. यात बाईचा काही दोष नसतो आणि काही वाईट निघालंय असंही नाही, नुसतं परत सँपल द्या एवढाच अर्थ. पण परत येणाऱ्या कमीच. एकदा मनाची तयारी करून, सुट्टी काढून, टेबलावर चढून आलेली बाई 'परत या' ऐकल्यावर काय ऐकते? एकतर 'काहीतरी गडबड आहे' नाहीतर 'यांना नीट घेता आलं नाही'. दोन्हीचा शेवट सारखाच. आणि रिपोर्ट न्यायलाच न येणाऱ्या वेगळ्या. आमच्या कपाटात न नेलेल्या रिपोर्टांचा एक गठ्ठा कायम असतो, दर वर्षी आवरतो, परत साचतो.

अवांतर: ज्याच्या नावाने ही टेस्ट आहे तो पापानिकोलाऊ ग्रीक डॉक्टर, न्यूयॉर्कला काम करायचा. त्याने १९२८ मध्ये पहिल्यांदा सांगितलं की पेशी बघून कॅन्सर ओळखता येतो, तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९४१ मध्ये ट्राऊट नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञाबरोबर पेपर काढला तेव्हा कुठे जग हललं. पण त्याच्या आधीची वर्षानुवर्षं त्याला सँपल कोण देत होतं? त्याची बायको, मेरी. तीच त्याच्या लॅबमध्ये कामही करायची. टेस्ट नवऱ्याच्या नावाची. मला हे कळलं तेव्हापासून स्लाईडला रंग देताना कधीकधी ती आठवते.

पारिजातक_२
ज्यावर कुणी बोलत नाही ते लिहिते. ओळखीच्या आयडींनी कृपया विचारपूस करू नये.

माझी पॅप नाही, एचपीव्ही टेस्ट (व्हायरस आहे का ते बघतात ती) झाली, पॉझिटिव्ह आली. कागदावर 'लैंगिक संबंधातून पसरणारा विषाणू' असं छापलेलं. लग्नाला अठरा वर्षं. मी तो कागद चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. आधी नवऱ्यावर संशय, मग हा उलट माझ्यावर घेईल ही भीती, मग वाटलं टेस्ट केली नसती तर बरं झालं असतं, निदान घर तरी शांत होतं. माझ्या नणंदेला डॉक्टरांनी हीच टेस्ट सुचवली तेव्हा तिने थेट विचारलं, यात 'तसलं' काही निघतं का, आणि निघतं म्हटल्यावर गेलीच नाही. आता बोला. कॅन्सरची भीती एका पारड्यात आणि घर मोडायची दुसऱ्या.

वेटिंगरूम
मी गायनॅक आहे. पारिजातक, आधी तुम्हाला. एचपीव्ही इतका सर्रास आहे की शरीरसंबंध आलेल्या बहुतेक माणसांना, बाई असो की पुरुष, आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो. बहुतेकदा एक-दोन वर्षांत शरीर स्वतःच त्याला बाहेर काढतं, कळतही नाही. कधी तो वर्षानुवर्षं दबून राहतो आणि मग टेस्टमध्ये दिसतो. म्हणजे आजच्या पॉझिटिव्हवरून तो कधी आला, कुणाकडून आला, हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. लग्नाआधीचाही असू शकतो, दोघांपैकी कुणाचाही. चारित्र्याचं सर्टिफिकेट म्हणून हा रिपोर्ट वाचायचाच नसतो. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नाही, पुढची तपासणी करा एवढंच. ती झाली का तुमची? नसेल तर ती महत्त्वाची.

हे तीन वाक्यांत आधी सांगितलं असतं तर चार दिवस पर्समध्ये कागद फिरला नसता, आणि ते सांगायचं काम आमचं होतं. मान्य.

आता निंबोणीताईंना जे झालं त्याबद्दल. लाज वाटली. मी तशी नाही असं म्हणायला मन धजत नाही, कारण ओपीडीत चाळीसावी पेशंट असते तेव्हा मी कशी वागते ते मला ठाऊक आहे. टेबलावर तुम्हाला काय मागता येतं ते सांगते, कारण बायकांना हे मागता येतं हेच माहीत नसतं. स्पेक्युलमचे साईज असतात, लहान मागा. तो स्वतः आत घालायची मुभा मागा, काही जणींना ते फार सोपं जातं. पाय वर बांधून घ्यायची गरज नसते, कुशीवर वळूनही होतं. 'थांबा' म्हटलं की थांबायचं हे आधी ठरवून घ्या. बरोबर कुणी हवं असेल तर हवं म्हणा. पाळी चालू असताना नको, आणि आधी दोन दिवस संबंध, आतून लावायची क्रीम, आतून धुणं टाळा, म्हणजे स्लाईडवालीताईंना नीट दिसेल.

स्लाईडवाली
:) धन्यवाद डॉक्टर.

आक्का
मी त्रेसष्टची. मी कधीच केली नाही. पाळी जाऊन बारा वर्षं झाली, मिस्टर जाऊन सात. आता माझ्या त्या भागाशी कुणाचं काही देणंघेणं उरलेलं नाही असं मला वाटत होतं. धागा वाचून विचारते, मला लागू आहे का हे? आणि माझ्या धाकट्या जावेची पिशवी काढलीय, तिला?

वेटिंगरूम
आक्का, लागू आहे. व्हायरस पूर्वीचा असू शकतो आणि बदल हळूहळू होतात, म्हणून पाळी जाणं ही काही कवचकुंडलं नाहीत. बऱ्याच देशांत पासष्टच्या आसपास तपासणी थांबवतात खरी, पण ती आधीच्या टेस्ट वेळेवर झालेल्या आणि नॉर्मल असलेल्यांची. तुमची एकही झालेली नाही, तुम्ही करून घ्यावी. या वयात आत कोरडेपणा असतो म्हणून जास्त दुखू शकतं, तसं आधी सांगा, काही दिवस आधीपासून लावायची इस्ट्रोजेनची क्रीम मिळते (शेवटचे दोन दिवस मात्र नको), पण ती डॉक्टरांना विचारूनच.

जावेचं असं की पिशवीबरोबर गर्भाशयाचं मुखही काढलंय का ते ऑपरेशनच्या कागदावर बघा. काही ऑपरेशनांत मुख ठेवतात, मग तपासणी चालू ठेवायची. मुखासकट काढलं असेल आणि कारण साधं असेल, गाठी वगैरे, आधी काही गंभीर बदलही निघाले नसतील, तर गरज नाही.

आणि पाळी गेल्यावर एकदा जरी रक्त दिसलं, किंवा संबंधांनंतर रक्त गेलं कुठल्याही वयात, तर ती स्क्रीनिंगची गोष्ट नाही, सरळ डॉक्टरकडे जायचं. तारखा बघत बसायचं नाही.

आक्का
हे मला कुणी म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं. बीपीच्या डॉक्टरांकडे दर तीन महिन्यांनी जाते मी.

घड्याळजी
आक्कांचं हे शेवटचं वाक्य म्हणजे सगळ्या धाग्याचं सार आहे असं मला वाटतं. मी आकडेमोडीतला माणूस, सार्वजनिक आरोग्याच्या विदेवर (डेटावर) काम करतो, जरा लांब लिहितो, सहन करा.

लोक तपासणीला का येत नाहीत हा प्रश्न जुना आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत टीबीसाठी छातीच्या एक्सरेच्या गाड्या फिरवल्या, फुकट, अगदी लोकांच्या दारात, तरी लोक येईनात. तेव्हा तिथल्या सरकारी आरोग्य खात्यातल्या मानसशास्त्रज्ञांनी डोकं खाजवून एक मांडणी केली, तिला हेल्थ बिलीफ मॉडेल म्हणतात. माणूस मनात चार गोष्टी तोलतो. मला होऊ शकतं का, झालं तर किती वाईट, केल्याने फायदा काय, आणि करायला त्रास किती. पाचवी गोष्ट म्हणजे ढकलणारं काहीतरी लागतं, एखादं पत्र, एखादी बातमी, कुणाचं तरी आजारपण. आपली सगळी पत्रकं (उनाडमैनाताई, रागावू नका) पहिल्या दोनांवर जोर देतात. होऊ शकतो, भयंकर आहे. इथले प्रतिसाद बघा, ते सगळे चौथ्या आणि पाचव्यावर आहेत.

आता इंग्लंडचं बघा. तिथे ही टेस्ट साठच्या दशकापासून होती. वीसेक वर्षं डॉक्टरांना सुचेल तसं आणि बाईला आठवेल तसं चाललं होतं. १९८८ मध्ये त्यांनी एवढंच केलं की कॉम्प्युटरवर सगळ्या बायकांची यादी केली, पत्र पाठवायचं, नाही आली तर परत पाठवायचं, आणि मग डॉक्टरांनाही किती जणींची झाली यावर पैसे जोडले. त्या वर्षी ४२ टक्के कव्हरेज होतं, १९९४ पर्यंत ८५ च्या आसपास गेलं. सहा वर्षांत बायकांची लाज निम्मी झाली का? टेस्ट तीच, टेबल तेच, स्पेक्युलम तोच. फरक एवढाच की कुणीतरी नावाने बोलावलं.

उलट बाजूने जेड गुडीची गोष्ट. ती टीव्हीवरची प्रसिद्ध बाई, २००८ मध्ये हाच कॅन्सर कळला, मार्च २००९ मध्ये गेली, सत्तावीस वर्षांची. त्या वर्षभरात इंग्लंडमध्ये नेहमीपेक्षा चार लाखांहून जास्त तपासण्या झाल्या. मग तो भर ओसरला. बातमीने माणूस एकदा उठतो. दर पाच वर्षांनी उठायला यादी लागते.

शंकेखोर
हे पटलं. म्हणजे 'जबाबदारी ज्याची त्याची' मागे घेतो, निदान अर्धी. गाडीच्या सर्व्हिसिंगचा मेसेज मला दर सहा महिन्यांनी येतो आणि मी निमूट जातो, मेसेज नसता तर गाडी रस्त्यात बंद पडेपर्यंत गेलो नसतो.

निंबोणी
गाडीशी तुलना!! पण असो, मुद्दा पोचला.

काटेसावर
घड्याळजी, यादी हवी हे खरं, पण यादीने सगळं सुटत नाही. मला पत्रं आली. तीन वेळा. तिन्ही फाडली. लहानपणी माझ्या बाबतीत जे झालं त्यानंतर मी कुणालाही तिथे हात लावू देऊ शकत नाही, नवऱ्यासोबतही फार वर्षं गेली. पत्रात लिहिलेलं असायचं 'थोडी अस्वस्थता वाटू शकते'. थोडी.

शेवटी मला जमलं ते स्वतः सँपल घेऊन. बाथरूममध्ये, दार लावून, कापसाची लांब काडी असते तशी, योनीत थोडी आत घालून फिरवायची आणि ट्यूबमध्ये टाकायची. मुखापर्यंत पोचायलाही लागत नाही. स्पेक्युलम नाही, टेबल नाही, कुणी माणूस नाही. दार लावलेलं होतं हे सगळ्यात मोठं.

वेटिंगरूम
काटेसावर, लिहिलंत म्हणून आभार. बाकीच्यांसाठी जोडते: हे फक्त एचपीव्ही टेस्टला चालतं, पॅपला नाही, कारण पॅपला मुखावरच्या पेशीच लागतात. पीसीआरवाली (व्हायरसचा जनुकीय अंश वाढवून शोधणारी) एचपीव्ही टेस्ट असेल तर स्वतः घेतलेलं सँपल डॉक्टरने घेतलेल्याइतकंच व्हायरस पकडतं, हे आता बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय, आणि ज्या येतच नव्हत्या त्यांना किट दिलं तर भाग घेणाऱ्या सुमारे दुप्पट होतात. ऑस्ट्रेलियाने २०१७ च्या डिसेंबरात दोन वर्षांनी पॅप बंद करून पाच वर्षांनी एचपीव्ही केली आणि जुलै २०२२ पासून तर तपासणीला येणाऱ्या प्रत्येकीला विचारतात, तुम्ही घेता की आम्ही घेऊ.

मात्र पॉझिटिव्ह आली तर पुढे एकदा तरी कुणाला तरी बघू द्यावं लागतं. ते लपवत नाही. पण निगेटिव्ह येणाऱ्याच जास्त असतात आणि त्यांचं टेबल सुटलं.

मूकवाचक
दोन वर्षांत पहिला प्रतिसाद देतेय. माझं लग्न झालेलं नाही. डॉक्टरकडे गेले तर समोरच्या मॅडमने फॉर्मवर 'अविवाहित' बघितलं आणि म्हणाल्या तुम्हाला गरज नाही. मी 'बरं' म्हणून उठून आले. गरज आहे, पण ते तिथे कसं बोलणार, मागे रांग होती.

वेटिंगरूम
चूक त्यांची. प्रश्न लग्नाचा नसतो, शरीरसंबंध कधी आलेत का एवढाच असतो, आणि जोडीदार बाई होती की पुरुष याने फरक पडत नाही, स्पर्शातूनही हा व्हायरस जातो. ज्यांचं शरीर जन्माने बाईचं पण जे पुरुष म्हणून जगतात त्यांनाही मुख असेल तर तपासणी लागतेच, आणि त्यांना तर वेटिंगरूममध्ये नाव पुकारलं जाण्यापासूनच अवघड असतं. परत जाल तेव्हा (दुसरीकडे गेलात तरी चालेल) नुसतं 'मला एचपीव्ही टेस्ट करायचीय, मला लागू आहे' म्हणा. कारण विचारायचा हक्क कुणाला नाही.

आणि हो, एचपीव्हीची लस घेतलेल्यांनाही तपासणी लागते, लस सगळे प्रकार अडवत नाही. दोन व्यक्तिगत निरोप आले म्हणून इथेच उत्तर.

चाकोरी
मी व्हीलचेअरवर. माझं कारण लाज नाही, भीती नाही, नवरा नाही. ते टेबल वर-खाली होत नाही. बास.

स्लाईडवाली
चाकोरी, हे बावीस वर्षांत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

वाळवंटी
सगळेजण बायकांच्या मनात काय चाललंय त्यावरच लिहितायत. यंत्रणा विश्वास ठेवण्यासारखी आहे का हा प्रश्न कुणी विचारणार का? आयर्लंडमध्ये २०१८ मध्ये विकी फेलन नावाच्या बाईमुळे बाहेर आलं की तिची २०११ ची स्मिअर 'नॉर्मल' सांगितलेली, कॅन्सर निघाल्यावर आतल्या आत फेरतपासणी झाली, आधीचा निकाल चुकलेला होता हे कळलं, आणि ते तिला वर्षानुवर्षं सांगितलंच नाही. फेरतपासणीत आधीचा निकाल चुकलेला निघाला अशा दोनशेहून जास्त बायका होत्या, आणि त्यातल्या बहुतेकींना ते सांगितलेलं नव्हतं. तिने तोंड बंद ठेवायच्या कागदावर सही करायला नकार दिला म्हणून जगाला कळलं. मग बाईने यावं तरी का?

घड्याळजी
योग्य प्रश्न. पण पुढचा भाग सांगितला नाहीत. त्या प्रकरणानंतर सरकारने पुन्हा टेस्ट फुकट देऊ केली तर इतक्या बायका आल्या की लॅबमध्ये स्लाईडी साचून राहिल्या, निकालाला महिनोन् महिने लागायला लागले. त्या बायका पळाल्या नाहीत, उलट आल्या. लपवलेलं बाहेर आलं, त्यावर कुणीतरी उत्तर द्यायला उभं राहिलं, हेही मोजतात लोक.

आणि बदल तसेच सोडून दिल्याची किंमत काय ते न्यूझीलंडने दाखवलंय, फार क्रूर पद्धतीने. ऑकलंडच्या बायकांच्या हॉस्पिटलात १९६६ पासून हर्बर्ट ग्रीन या डॉक्टरने कॅन्सरपूर्व बदल असलेल्या बायकांना पुरेसे उपचार न देता नुसतं बघत राहायचं ठरवलं, त्यांना न सांगता. १९८७ मध्ये दोन लेखिकांनी मासिकात ते उघड केलं, चौकशी बसली. नंतर हिशेब लागला तेव्हा ज्यांना उपचारच नीट मिळाले नव्हते त्यांच्यात तीस वर्षांत शंभरात साधारण ३१ जणींना कॅन्सर झाला, आणि वेळेवर नीट उपचार झालेल्यांत शंभरात एकीलाही नाही. या आजाराचा नैसर्गिक प्रवास आपल्याला इतका नेमका माहीत आहे तो त्या बायकांमुळे. वाळवंटी, तुमचा अविश्वास आणि तपासणीची गरज, दोन्हींचा पुरावा एकाच हॉस्पिटलातून निघालाय.

वाळवंटी
हे माहीत नव्हतं. सुन्न.

रानवाट
मी गावोगाव तपासणी शिबिरांत नर्स म्हणून काम केलंय. वरचं सगळं वाचून एकच भर. आमच्याकडे येणाऱ्या बायकांना टेस्ट नको नसते, चार हेलपाटे नको असतात. आज सँपल, पंधरा दिवसांनी रिपोर्ट, मग मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीतून तपासणी, मग तपासायला तुकडा काढणं, मग त्याचा रिपोर्ट, मग उपचाराची तारीख. प्रत्येक पायरीला काही जणी गळतात. पहिल्या पायरीला शंभर, शेवटच्याला किती, हे मी मोजणं सोडून दिलं.

म्हणून मला ती व्हिनेगरवाली टेस्ट आवडते, डॉक्टर लोक नाकं मुरडतात तरी. ३ ते ५ टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड मुखावर लावायचं, मिनिटभर थांबायचं, बदल असतील तिथे पांढरा चट्टा उठतो, डोळ्याला दिसतो. लॅब नको. आणि चट्टा शेकून काढण्याजोगा असेल तर त्याच बैठकीत थर्मल अब्लेशन, की मग बाई घरी. एक फेरी. बाईला 'झालं' हा शब्द ऐकून घरी जायचं असतं.

वेटिंगरूम
नाक मुरडते कारण ती बघणाऱ्याच्या डोळ्यावर फार अवलंबून असते. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातला मोठा अभ्यास २००९ मध्ये छापून आला, १ लाख ३१ हजारांवर बायका, त्यांचे गट करून कुणाला एचपीव्ही, कुणाला पॅप, कुणाला व्हिनेगर, कुणाला नेहमीचंच. एकाच फेरीनंतर आठ वर्षांत मृत्यू ठळकपणे कमी झाले ते एचपीव्हीच्या गटात, जवळपास निम्मे. बाकीच्या दोन पद्धतींत तसा फरक दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनाही आता एचपीव्हीच पहिली म्हणते, तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी, एचआयव्ही असेल तर पंचविशीपासून आणि जास्त वेळा.

पण तुमचा हेलपाट्यांचा मुद्दा शंभर टक्के. सर्वांत चांगली टेस्ट आणि पाच फेऱ्या, यापेक्षा बरी टेस्ट आणि एक फेरी कधीकधी जास्त बायका वाचवते.

रानवाट
चला, एवढं तरी म्हणालात.

पारिजातक_२
वेटिंगरूम, दुर्बिणीची तपासणी झाली. हलके बदल आहेत, वर्षाने परत बघू म्हणाल्या. नवऱ्याला तुमचा प्रतिसाद वाचायला दिला. दोनदा वाचला, मग म्हणाला बरोबर येऊ का पुढच्या वेळी. बाकी काही बोललो नाही आम्ही.

आक्का
माझी झाली. आधी काही दिवस क्रीम लावली, सांगितलं तसं. दुखलं थोडं, पण गुडघ्याएवढं नाही. जावेच्या कागदावर मुख ठेवलंय असं निघालं, तिलाही नेतेय.

निंबोणी
आक्का! __/\__

शंकेखोर
धागाकर्त्या कुठे गायब?

उनाडमैना
आहे. सगळे प्रतिसाद वाचले, काही दोन-तीनदा. लाजेकाजेस्तव इथेच टाकते काय झालं ते.

घड्याळजींचं वाचून सोमवारी फोन केला, गुरुवारची वेळ मिळाली. स्पेक्युलम लहान मागायचा, मधे थांबवायचं, सगळं पाठ करून ठेवलेलं, पत्रकासारखं. बुधवारी रात्री पाळी आली. आठ दिवस आधी! नऊ वर्षांत एवढी वक्तशीर कधी नव्हती ती. मला खरं सांगायचं तर आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग त्याचाच राग आला. सकाळी फोन करून कॅन्सल म्हटलं आणि मी ठेवणार तेवढ्यात रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, 'मॅडम थांबा, १९ तारीख टाकते, आणि १७ ला मी फोन करेन तुम्हाला.' मी बरं म्हटलं. मी स्वतःहून दुसरी तारीख मागितली नसती हे मला फोन ठेवल्यावर कळलं.

घड्याळजी
त्या मुलीचा पगार वाढवायला सांगा कुणीतरी.

मूकवाचक
मी १९ ला इथे येऊन विचारू का?

उनाडमैना
विचार. उत्तर नाही दिलं तर २० ला परत विचार. आणि तुझी तारीख?

मूकवाचक
उद्या फोन करते.

उनाडमैना
उद्या म्हणजे किती वाजता?